गुडवूड फेस्टिव्हल ऑफ स्पीड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माझ्या फोनला दुसरा विषय नसतो. मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला राहतो, गुडवूड इथून गाडीनं तासाभराच्या आत आहे आणि गेली बरीच वर्षं मी तिथं उन्हापावसात उभा राहून आलोय. हे नात्यागोत्यात कळल्यापासून साताऱ्याच्या मावसभावापासून ते लंडनला नुकत्याच आलेल्या पोरांपर्यंत सगळे तेच ते विचारतात. म्हणून एकदाचं लिहून टाकलं. तिकिटाचे दर दरवर्षी बदलतात, ते इथं शोधू नका.

१. हे नेमकं काय असतं? शर्यत, प्रदर्शन की जत्रा?

तिन्हीतलं थोडं थोडं, पण जत्रा जास्त. एका ड्यूकच्या वाड्याच्या दारावरून एक अरुंद खासगी रस्ता टेकडीवर जातो. त्या रस्त्यावरून चार दिवस गाड्या एकामागून एक, एकट्या चढतात. पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या मोटारी, तीसच्या दशकातल्या ग्रां प्री शर्यतींच्या गाड्या, फॉर्म्युला वनच्या सगळ्या पिढ्या, मोटारसायकली, ट्रक, अजून बाजारात न आलेल्या विजेच्या गाड्या. दोन गाड्या शेजारीशेजारी धावत नाहीत, त्यामुळे रूढ अर्थानं ही शर्यत नाही. काही गाड्यांना घड्याळ लावतात (प्रश्न ५), बाकीच्या नुसत्या गाजवून जातात.

संग्रहालयात गाडी दोरीपलीकडून बघायची आणि फलक वाचायचा. इथं तीच गाडी तुमच्यासमोर धूर ओकते, खोकते, कधी मध्येच बंद पडते आणि चार माणसं तिला ढकलत परत नेतात. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपाचं कारण एवढंच आहे.

२. कुठं आणि कधी? लंडनहून एका दिवसात होतं का?

वेस्ट ससेक्स परगण्यात चिचेस्टर गावाजवळ. लंडनपासून साधारण शंभर किलोमीटर. जुलै महिन्यात, गुरुवार ते रविवार. २०२५ मध्ये १० ते १३ जुलै होता. लंडन व्हिक्टोरियाहून चिचेस्टरला रेल्वेनं दीड तासाच्या आसपास लागतो, पुढं बसची सोय असते. एका दिवसात होतं, पण पहाटे निघा. गाडी घेऊन जाणार असाल तर शेवटचे आठ-दहा किलोमीटर वारीच्या दिवसांत पुण्यात शिरल्यासारखे जातात. चार दिवसांत मिळून दोनेक लाख माणूस येतो.

३. एका ड्यूकला हे कुठून सुचलं?

आजोबांकडून आलेलं वेड. नववे ड्यूक ऑफ रिचमंड, ज्यांना मोटारवाले फ्रेडी मार्च म्हणूनच ओळखतात, स्वतः ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर शर्यती जिंकलेले. १९३६ मध्ये त्यांनी लँशिया मोटारींच्या क्लबासाठी याच वाड्याच्या रस्त्यावर चढाईची स्पर्धा भरवली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या जमिनीवर वेस्टहॅम्पनेटचा विमानतळ झाला. युद्ध संपल्यावर विमानतळाभोवतीच्या रस्त्याचाच त्यांनी ट्रॅक केला आणि १८ सप्टेंबर १९४८ ला तिथं पहिली शर्यत झाली. नावाजलेला ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉस याची कारकीर्द १९६२ मध्ये इथल्याच अपघातानं संपली. गाड्या झपाट्यानं वेगवान होत गेल्या, ट्रॅकमध्ये अडथळ्याची वळणं घालणं फ्रेडींना पटेना, म्हणून १९६६ मध्ये त्यांनी शर्यतीच बंद केल्या.

नातवाला, म्हणजे आजच्या अकराव्या ड्यूकना, शर्यती परत हव्या होत्या; पण ट्रॅकला परवानगी नव्हती. मग त्यांनी आजोबांचा वाड्यासमोरचा रस्ता वापरायचं ठरवलं. १९९३ चा जून. काही हजार लोक येतील असा अंदाज होता, आले पंचवीस हजार. ट्रॅकला परवानगी नंतर मिळाली, ती गोष्ट प्रश्न १२ मध्ये.

४. चढ म्हणजे आपल्या घाटासारखा का?

नाही हो. खंबाटकी डोळ्यांसमोर आणाल तर निराशा होईल. रस्त्याची लांबी १.१६ मैल, म्हणजे १.८६ किलोमीटर, आणि एकूण चढ ९३ मीटरच्या आसपास. पण अवघड आहे तो अरुंदपणामुळे. सुरुवात झाडांच्या रांगांमधून, मग उजवीकडे वळून थेट वाड्यासमोरून. इथं लोकांची खरी गर्दी असते आणि चालकांना मिरवायची हौस येते. पुढं मोलकूम नावाचं डावं वळण. ते वेळेत दिसत नाही. समोर उघडं रान दिसतं आणि रस्ता सरळच जातोय असं वाटतं. दरवर्षी कुणी ना कुणी इथं गवताच्या गठ्ठ्यांत घुसतं, त्यात जगज्जेतेही आलेत. त्यानंतर गारगोटीची एक जुनी भिंत रस्त्याला इतकी खेटून आहे की चालकाला डाव्या-उजव्याचा विचार करायला फुरसत नाही. ती ओलांडली की झाडीतून सुसाट वर.

५. सगळ्यात जलद कोण गेलंय?

मॅक्स चिल्टन, २०२२, मॅकमर्ट्री स्पेअरलिंग ही विजेवरची गाडी, ३९.०८ सेकंद. उभ्या गाडीपासून सुरुवात धरून ताशी सरासरी १७२ किलोमीटर होतात. वर सांगितलेली वळणं आणि भिंत मध्ये धरून.

त्याआधीचा आकडा तेवीस वर्षं टिकला असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. १९९९ मध्ये निक हाइडफेल्डनं मॅक्लारेन एमपी४/१३ या फॉर्म्युला वन गाडीतून ४१.६ सेकंद घेतले. २०१९ मध्ये रोमॅन ड्युमानं फोक्सवागनच्या विजेवर चालणाऱ्या आयडी.आर मधून ३९.९० सेकंदांत चढ चढून तो मोडला, पण ही धाव रविवारच्या अंतिम फेरीआधीची होती. म्हणून ती धरायची की नाही यावर चहाच्या टपरीवर अजूनही वाद होतो. चिल्टननं अंतिम फेरीतच वेळ दिली आणि वाद मिटवला.

गंमत म्हणजे २०२४ ची अंतिम फेरी जिंकली फोर्डच्या व्हॅननं, म्हणजे सुपरव्हॅननं, आणि २०२५ ची फोर्डच्याच पिकअपनं. दोन्ही विजेवरच्या, दोन्हींत ड्युमाच. माल वाहायच्या आकाराच्या गाड्यांनी सुपरकारना मागं टाकलेलं बघून माझ्या शेजारचे एक आजोबा मान हलवत निघूनच गेले.

६. मॅकमर्ट्रीत पंखा आहे म्हणतात. पंख्यानं गाडी पळते?

पळत नाही, चिकटते. वळणावर गाडी घसरू नये म्हणून तिला रस्त्याकडे दाबणारा जोर लागतो. एरवी तो गाडीवर बसवलेल्या विंगच्या आकारातून आणि वाऱ्यातून मिळतो, म्हणजे वेग असेल तरच. स्पेअरलिंगचे पंखे गाडीच्या पोटाखालची हवा ओढून घेतात. खाली पोकळी होते आणि बाहेरची हवा गाडीला वरून दाबते. गाडी उभी असतानासुद्धा हा जोर दोन हजार किलोंपर्यंत असतो असं कंपनी सांगते, आणि गाडी स्वतः एक टनापेक्षा कमी. म्हणजे हिशेबानं ती छताला उलटी चिकटायला हवी. २०२५ मध्ये त्यांनी खास बांधलेल्या सांगाड्यात ती खरोखर उलटी चालवून दाखवली.

कल्पना नवी नाही. १९७० ची चॅपरल २जे आणि १९७८ ची ब्रॅबम बीटी४६बी, शर्यतीच्या या दोन्ही गाड्यांत हेच होतं. ब्रॅबम निकी लाउडानं एकच शर्यत चालवली, स्वीडनची, आणि जिंकली. मग ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही.

७. मग फॉर्म्युला वनच्या गाड्या विक्रम का मोडत नाहीत?

कारण त्यांना घड्याळ लावत नाहीत. हाइडफेल्डच्या धावेनंतर सुरक्षिततेचा विचार करून हे थांबवलं. दोन्ही बाजूंना झाडं, माणसं आणि मध्ये तो रस्ता. तिथं पूर्ण ताकदीची आजची फॉर्म्युला वन गाडी सोडणं शहाणपणाचं नाही. त्या येतात, टायर जाळतात, कान बधिर करतात आणि जातात. मला यात काही उणं वाटत नाही.

८. धोका आहे का? कधी काही झालंय?

झालंय. जून २००० मध्ये शेवटच्या टप्प्याजवळ लोटस ६३ या शर्यतीच्या गाडीला अपघात झाला, चालक आणि एक मार्शल दोघं गेले. हे मार्शल म्हणजे पांढऱ्या-नारिंगी कपड्यातले स्वयंसेवक, दिवसभर उभे असतात. त्यांनी मागं व्हायला सांगितलं की मागं व्हायचं, फोटो राहिला तरी चालेल.

९. त्या जुन्या गाड्या अस्सल असतात की नक्कल?

बहुतेक अस्सल. कारखान्यांच्या संग्रहातून आणि हौशी मालकांकडून आलेल्या. पण 'अस्सल' हा शब्द या दुनियेत फार लवचिक आहे, आणि त्यासाठी 'तुरीनचं जनावर' बघावं.

म्हणजे फियाट एस७६ ही गाडी. १९१० च्या सुमारास वेगाच्या विक्रमासाठी अशा दोनच गाड्या बांधल्या. इंजिन २८.४ लिटरचं आणि सिलिंडर फक्त चार. म्हणजे एकेका सिलिंडरचं पोट सात लिटरचं, आपल्या मोठ्या प्रेशर कुकरएवढं. १९१३ मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंडला तिनं ताशी २१३ किलोमीटरचा वेग गाठला, पण नियमानुसार लागणारी परतीची धाव झाली नाही आणि विक्रम नोंदला गेला नाही. नंतर एका गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, उरली, दुसरीचं इंजिन उरलं. एका ब्रिटिश वेड्यानं दोन्ही मिळवून एकत्र आणली, हरवलेलं नव्यानं घडवलं आणि शतकभरानं इंजिन पेटवलं. २०१५ मध्ये ती गुडवूडचा चढ चढली. आता ही अस्सल की नक्कल? इंजिन खरं, चासी खरी, पण एकमेकांच्या नव्हेत.

वाद घालणाऱ्यांनी ती सुरू होताना एकदा जवळ उभं राहावं. बॉनेटच्या बाजूनं आखूड नळकांडी निघालेली, सायलेन्सर नावाला नाही. आधी एक धक्का बसतो तो छातीत, आवाज नंतर. नळकांड्यांतून हातभर जाळ बाहेर येतो. आणि दोन ठोक्यांमध्ये इतका वेळ जातो की मनात येतं, बंद पडली बहुतेक. तेवढ्यात पुढचा ठोका.

१०. साध्या तिकिटावर गाड्या जवळून दिसतात का?

दिसतात, आणि हीच इथली खरी श्रीमंती. पॅडॉक, म्हणजे गाड्या उभ्या करून त्यांची तयारी करायची जागा, सगळ्यांना खुली असते. बसायची जागा हवी असेल तर स्टँडचे जादा पैसे. मी कधी दिले नाहीत.

सकाळी आठच्या आत पॅडॉकमध्ये पोचा. तेव्हा मेकॅनिक मंडळी इंजिनं गरम करत असतात. शर्यतीच्या काही इंजिनांत भागाभागांतली फट इतकी बारीक असते की थंड इंजिन फिरवलं तर ते अडकतं; म्हणून आधी बाहेरून गरम पाणी आणि तेल त्यात खेळवतात. एक पोरगा थर्मामीटरकडे बघत उभा, दुसरा हातानं रेस देतोय, तिसरा कप हातात धरून नुसता ऐकतोय. मला आमच्या बाबांची स्कूटर आठवते, रोज सकाळी तिरकी करून मग किक. यंत्र कोट्यवधीचं असलं तरी सकाळी त्याची मनधरणी चुकत नाही.

आणि वास! पहिल्यांदा गेलो तेव्हा एका जुन्या गाडीमागं थबकलो. हा वास कुठला, आपल्या ओळखीचा कसा? मग डोक्यात प्रकाश पडला, एरंडेल. जुन्या शर्यतीच्या इंजिनांत एरंडेल तेलच घालत. कॅस्ट्रॉल या नावातला 'कॅस्टर' तो हाच. लहानपणी रविवारी सकाळी आजी नाक दाबून पाजायची ते तेल इथं जळताना माणसं डोळे मिटून हुंगतात.

११. वाड्यासमोर आकाशात गाड्या टांगलेल्या फोटोत दिसतात, ते काय?

बहुतेक वर्षी एखाद्या मोटार कंपनीच्या मानार्थ उभारलेलं शिल्प. १९९७ पासूनची बहुतेक शिल्पं जेरी जुडा या शिल्पकाराची, आणि तो जन्मानं कलकत्त्याचा, तिथल्या बगदादी ज्यू कुटुंबातला. वर टांगलेल्या गाड्या बहुतेक खऱ्या असतात. २०१४ मध्ये मर्सिडीजसाठी त्यानं वाड्याच्या छपरावरून पलीकडे जाणारी पोलादी कमान केली होती.

१२. फेस्टिव्हल, रिव्हायव्हल आणि मेंबर्स मीटिंग, तिन्हींत गोंधळ होतो.

सगळ्यांचाच होतो. फेस्टिव्हल जुलैत, वाड्यासमोर, सगळ्या काळातल्या गाड्या, एकेक. रिव्हायव्हल सप्टेंबरमध्ये, फ्रेडींच्या जुन्या ट्रॅकवर (प्रश्न ३), आणि ती खरीखुरी शर्यत. गाड्या १९४८ ते १९६६ या काळात तिथं धावत त्या प्रकारच्या. ट्रॅकला परवानगी मिळाली आणि १९९८ मध्ये, पहिल्या शर्यतीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ती सुरू झाली. मेंबर्स मीटिंग वसंतात, त्याच ट्रॅकवर, पण गुडवूडच्या क्लबाच्या सदस्यांपुरती.

लहान मुलं बरोबर असतील तर फेस्टिव्हल. शर्यतीचं वेड असेल तर रिव्हायव्हल. कोट्यवधीच्या गाड्या एकमेकींना घासून जाताना मालकाच्या चेहऱ्याकडे बघणं हाच तिथं एक खेळ आहे.

१३. रिव्हायव्हलला जुन्या काळचे कपडे घालावे लागतात म्हणे. साडी चालेल?

उत्तम चालेल. तिथं बहुतेक लोक चाळीस ते साठच्या दशकातला वेष करून येतात, आणि पॅडॉकमध्ये पुरुषांना कोट-टाय लागतो. त्या काळात इंग्लंडात आलेल्या आपल्या बायका साडीच नेसत होत्या, तेव्हा साडी म्हणजे सोंग नव्हे, अस्सल वेष. माझ्या बायकोनं सासूबाईंच्या पेटीतली जुनी इरकल नेसली होती. दिवसभरात तिचेच फोटो गाड्यांपेक्षा जास्त निघाले. खाली बूट घाला मात्र, गवत ओलं असतं. फेस्टिव्हलला वेषाचं काही बंधन नाही.

१४. मुलांना न्यावं का? खाण्याचं काय?

न्या. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नसतं (तरी त्या वर्षीचा नियम बघून घ्या). कानावर लावायचे आवाजरोधक मात्र सक्तीनं, मोठ्यांनीही. चालणं फार होतं. वर रानात रॅलीच्या गाड्यांचा मातीचा मार्ग आहे, तो २००५ मध्ये फिनलंडचा रॅलीचालक हानू मिकोला यानं आखून दिला. तिथवर चढून जायचं तर दम लागतो, पण मुलांना धूळ उडवणाऱ्या गाड्याच जास्त आवडतात. खाणं तिथं महाग आणि बेचव. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं नेतो.

१५. पाऊस आला तर रद्द होतं का?

पावसानं नाही. गाड्या हळू चढतात, छत्र्या उघडतात, चालू राहतं. वाऱ्याचं वेगळं. १५ जुलै २०२३ चा शनिवार सोसाट्याच्या वाऱ्यामुळे अख्खा रद्द झाला, तंबू आणि उंच मांडव धोक्याचे झाले म्हणून. असं पहिल्यांदाच झालं. २०२० मध्ये साथीमुळे फेस्टिव्हल भरलाच नाही.

१६. इतकं पेट्रोल जाळायचं, आजच्या काळात हे शोभतं का?

प्रश्न रास्त आहे आणि तो विचारणारी बहुतेक आमचीच पुढची पिढी असते. विक्रम विजेच्या गाडीचा आहे, हे प्रश्न ५ मध्ये आलंच. २०२२ मध्ये फॉर्म्युला वनचा चालक सेबास्टियन फेटल यानं १९९२ ची विल्यम्स एफडब्ल्यू१४बी ही फॉर्म्युला वन गाडी इथं चालवली ती खनिज तेलाऐवजी शाश्वत इंधनावर, आणि आवाजात तसूभर फरक नव्हता. बाकी, चढणाऱ्या गाड्यांपेक्षा बघायला येणाऱ्या आमच्यासारख्यांच्या गाड्याच जास्त जाळत असणार. म्हणून रेल्वेनं या.

१७. गाड्या विकायलाही असतात का?

बॉनम्स या कंपनीचा लिलाव असतो. जुलै २०१३ मध्ये तिथं मर्सिडीज डब्ल्यू१९६ ही शर्यतीची गाडी विकली गेली, नामांकित चालक हुआन मानुएल फँजिओनं १९५४ मध्ये दोन ग्रां प्री जिंकलेली तीच. किंमत १ कोटी ९६ लाख पौंड, तेव्हाचा लिलावातला जागतिक विक्रम.

१८. आमच्या आजोबांची जुनी मोटार कोल्हापुरात आहे. ती गुडवूडला चढवता येईल का?

अर्ज करून नाही, निमंत्रणच यावं लागतं. गाडीला शर्यतीचा किंवा वेगाचा इतिहास असेल तर पत्र लिहून बघा, नुसती जुनी असून भागत नाही.

आणि ती भारतातून हलवणं हा वेगळाच घाट. फार जुन्या मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारची बंधनं आहेत, आधी ती तपासा. तात्पुरती नेऊन परत आणायची तर कार्ने नावाची सीमाशुल्काची हमी लागते. तिकडं भारतात पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी मिळते, क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, मेळावा-प्रदर्शनापुरती.

१९. मी लीड्सला असतो, माझ्याकडे गावाहून आणलेला बजाज चेतक आहे. निदान तो तरी?

तुझ्यासाठी एक चोरवाट आहे, पण फेस्टिव्हलला नव्हे. रिव्हायव्हलला १९६६ पूर्वीच्या वाहनांसाठी वेगळी पार्किंगची जागा असते, आणि तिथं गाड्या बघायला शर्यतीइतकीच गर्दी होते. अडचण एकच, चेतक आला १९७२ मध्ये. सहा वर्षांनी हुकला. त्याआधी बजाजनं साठच्या दशकात परवान्यावर बनवलेली वेस्पा १५० कुणाच्या गोठ्यात झाकून ठेवलेली असेल तर मात्र कळव, मी येतो बघायला.